माशांच्या पेटीची घडवंची

प्रिय अहो,

मायन्यातच अडखळले बघा. तुमचं नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही, आणि 'प्रिय' लिहायची तर वेळच आली नाही. सगळा संसार झाला तो नौपाड्याच्या त्या माडीवर, एका हाकेच्या अंतरात. पत्र कशाला लिहायचं होतं?

आज लिहितेय, कारण उद्या सकाळी मी ठाणं सोडतेय. डोंबिवलीच्या एका शाळेत मला शिक्षिका म्हणून घेतलंय. ट्रंका बांधून झाल्या, गाद्या गुंडाळल्या, स्टोव्हसुद्धा गोणपाटात गेला. दुपारची वेळ आहे, आणि हाताला काही काम नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. काम नसलं की ती पेटी डोळ्यांपुढे येते. तेव्हा म्हटलं, या गावातून पाय काढायच्या आधी तुमच्याशी एकदा नीट भांडून घ्यावं. तुम्ही होतात तेव्हा तुम्ही भांडू कुठे दिलंत? हसायचात आणि पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवायचात.

स्वातंत्र्य मिळालं आणि तुमच्या कारखान्याचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला. तुम्ही त्याच्या हाताखाली नकाशे काढायचात. जाताना त्यानं विचारलं, लेले, तुला आठवण म्हणून काय देऊ? दुसऱ्या कुणी घड्याळ मागितलं असतं. नाहीतर ती वेताची आरामखुर्ची. तुम्ही मागितलीत त्याच्या व्हरांड्यातली माशांची पेटी!

खटाऱ्यातून ती आली तेव्हा सगळी आळी बघायला जमली होती. पलंगाएवढी लांब, लोखंडी पट्ट्यांत बसवलेल्या जाड काचा. शरू तेव्हा एवढीशी होती. पेटीच्या एका बाजूनं ती बघत होती, दुसऱ्या बाजूनं तुम्ही, आणि दोघं एकमेकांना जीभ दाखवत होतात. मला हसू आलं होतं हे मी नाकबूल करत नाही.

आपले घरमालक धर्मा पाटील त्या दिवशी कोपरीहून आले होते. त्यांच्या वडिलांनी मिठागरातून वर येऊन ते दुमजली घर बांधलेलं, म्हणून त्यांना त्याचा कोण अभिमान! पेटीभोवती फेरी मारून म्हणाले, "लेलेसाहेब, आमी म्हावरा खातो, तुमी पालताव का काय?"

मी पदर सावरून विचारलं, "पाटील, माडीवर एवढं ओझं चालेल ना?"

"वैनी, हत्ती बांदा हत्ती! माझ्या बापसानं घातलेली लाकरां हायेत."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसा काही निकाल लागला!

पण पेटी ठेवायची कशावर? साहेबाच्या व्हरांड्यात तिला चुन्याविटांचा कट्टा होता. तो काही खटाऱ्यात घालून आणता येत नव्हता. तुम्ही तुमचं लिहायचं टेबल पुढे ओढलंत. पेटी त्यावर चढवली, आणि मी विहिरीवरून आणलेलं पाणी तुम्ही बादलीबादलीनं ओतायला लागलात. पेटी निम्मी भरली असेल, आणि टेबलाचे पाय आवाज न करता हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकायला लागले. उभं राहताना गुरं पाय फाकवतात ना, तसे. तुम्ही दोन्ही हातांनी पेटी धरून ओरडलात, "उपस! पाणी उपस!" मी तांब्यानं, कळशीनं, मिळेल त्यानं पाणी खिडकीबाहेर टाकत सुटले.

मला वाटलं, संपलं. आता ही पेटी अंगणात जाईल आणि मी तिच्यात कोथिंबीर लावीन. तुम्ही मात्र भिजलेल्या धोतरानं जमिनीवर बसलात आणि तुमचे डोळे चमकायला लागले. "याला खास स्टँड करायला हवा," म्हणालात. मी म्हटलं, "घडवंची म्हणा की." तर म्हणालात, "घडवंचीवर हंडे ठेवतात ग. हे वेगळं आहे."

मग तो शोध सुरू झाला. किती रविवार गेले त्यात! शिवणयंत्राचे लोखंडी पाय बघून झाले. इस्पितळातून मोडीत निघालेली खाट बघून झाली. एका देवळाबाहेर पडलेला दगडी चौथरा तुम्ही पावलांनी मोजत होतात, तेव्हा पुजाऱ्यानं हाकललं! घरी आलात की जेवण होईपर्यंत दम नाही. मोठा कागद पसरायचात आणि घडवंचीचे नकाशे. समोरून, बाजूनं, वरून. पाणी किती, काच किती, प्रत्येक पायावर भार किती. मी वाढलेलं ताट तिथंच गार व्हायचं.

कल्याणच्या वखारीत मात्र तुम्ही मलाही घेऊन गेलात. खाडीजवळ लाकडांचे ढीग रचलेले, भुश्शाचा वास, आणि एका कोपऱ्यात ते चार खांब. काळसर, जुन्या सागाचे, माझ्या दोन्ही पंजांच्या विळख्यात येणार नाहीत इतके जाड. तुम्ही बोटांनी वाजवून बघितलेत. आवाज कसा आला म्हणता? कुणीतरी आतून उत्तर द्यावं तसा.

"कुठले हे?" तुम्ही विचारलंत.

"टिटवाळ्याकडच्या घराचे," वखारवाला म्हणाला. "घर पडलं ना. भिंत खचली."

"घरात माणसं होती का?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि दुसरं गिऱ्हाईक हाक मारतंय असं दाखवून तो निघून गेला. हाक कुणीच मारलेली नव्हती.

परतताना मी तुम्हाला म्हटलं की पडक्या घराचं लाकूड मला घरात नको. तुम्ही चिडला नाहीत. कधीच चिडायचा नाहीत, हीच तर अडचण होती! समजुतीच्या आवाजात म्हणालात, "अगं, घर पडलं ते भिंतीमुळे. खांब बघितलेस ना? एक चीर नाही. घर गेलं तरी ते राहिले. यापेक्षा मजबूत लाकूड आणखी कुठलं?"

खरंच होतं तुमचं. तेच तर आठवतं आणि अंगावर काटा येतो.

सुतार अंगणात बसला आणि घडवंची उभी राहिली. जाड पाय, आडव्या पट्ट्या, लोखंडी बोल्ट. सुबक काम होतं, खोटं कशाला बोलू? माणसं लावून ती जिन्यावरून वर चढवली तेव्हा जिन्याची प्रत्येक पायरी कुरकुरली.

आणि तुम्ही ती नेमकी खोलीच्या मधोमध ठेवलीत.

"भिंतीला लावा हो," मी म्हटलं.

"भिंतीपाशी ऊन येतं. उन्हानं शेवाळ धरतं. शिवाय चारी बाजूंनी बघता आलं पाहिजे."

"मधल्या फळ्या वाकतात. मी भरला हंडा घेऊन तिथून गेले की फडताळातली भांडी वाजतात."

तुम्ही मला नकाशा दाखवलात. प्रत्येक पाय किती भार घेतो ते शाईनं लिहिलेलं होतं. मला आकडे कळत नव्हते असं नाही, मी इंग्रजी शाळेत शिकलेली होते. त्या कागदावर घडवंचीच्या पायांपर्यंत सगळं होतं. पायांच्या खाली तुम्ही एक आडवी रेघ मारली होतीत, आणि संपलं. ती रेघ म्हणजे आपली जमीन होती. तिच्याखाली काय आहे ते कागदावर नव्हतं.

तिच्याखाली कुसुम राहत होती. आठवतोय तिचा चेहरा? नवरा पोस्टात, नवा संसार, आणि महिन्याभरापूर्वी बाळंत झालेली. मुलीचा पाळणा तिनं मधल्या तुळईच्या कडीला टांगला होता. मी बाळंतविडा घेऊन गेले तेव्हा पाळण्याला झोका देता देता सहज वर बघितलं, आणि माझा हात थांबला. आपल्या घडवंचीचे पाय कुठे येतात ते मी मनात मोजत होते.

वर येऊन मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पाळण्याचं वजन ते काय!"

मुंबईहून सोनेरी मासे आले. कुठून कुठून कसलीशी हिरवी पाणवनस्पती आली. पेटी काठोकाठ भरली. संध्याकाळी तुम्ही मागे कंदील ठेवायचात आणि सगळी खोली हिरवट उजेडानं डुलायची. शेजारीपाजारी बघायला यायचे. शरू पेटीपाशी झोपी जायची. सुंदर होतं हो ते. सुंदर नसतं तर मी तुम्हाला इतके दिवस भांडल्याशिवाय सोडलं असतं का?

पहिली खूण पाण्यानंच दिली. एका बाजूला पाणी लोखंडी पट्टीला टेकलेलं, आणि दुसऱ्या बाजूला पट्टी बोटभर कोरडी. तुम्ही पाणसळ आणून ठेवलीत, तिच्यातला बुडबुडा एका टोकाला पळाला. "लाकूड बसतंय," म्हणालात. "जुना साग आहे, जागा धरतोय." एका पायाखाली पाचर मारलीत. पाणी सरळ झालं.

चार दिवसांनी पाणी पुन्हा कललं. पुन्हा पाचर.

स्वयंपाकघराचं दार उंबऱ्याला घासायला लागलं. तुम्ही ते रंधून दिलंत. शरूचा लाकडी चेंडू खोलीत कुठूनही सोडला तरी गडगडत जाऊन घडवंचीखाली थांबायचा. तिला तो खेळ वाटायचा. "आई, बघ, त्याला मासे बघायचेत!" टाळ्या पिटायची. मी तो चेंडू उचलून लपवून ठेवला. मला तो आवाज ऐकवत नव्हता.

कुसुम एकदा जिन्यात भेटली. "वहिनी, तुमच्याकडे उंदीर झालेत का हो? पाळण्यात चुना पडतो. दुपट्यावर सगळा भुगा."

त्या संध्याकाळी मी तुमच्यापुढे उभी राहिले. आवाज चढवला नाही, पण हलले नाही. "पेटी रिकामी करा. आज."

आणि तुम्ही मानलंत! इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुम्ही खाली, पाचरांच्या थराकडे, नीट बघितलंत. मग म्हणालात, "भिंतीकडे सरकवू. पण आत्ता नको. माशांची पिल्लं निघालीत, केसाएवढी आहेत, पाणी हलवलं तर एक जगायचं नाही. येत्या रविवारी माणसं बोलावतो. तेवढं थांब."

"कुसुमला पाळणा हलवायला सांगते मग."

"सांग," म्हणालात.

मी सांगितलंही. तिनं मान डोलावली. पण दुसरी कडी नव्हती तिच्याकडे. नवरा आला की ठोकून घेते, म्हणाली. तो फिरतीवर होता.

रविवार उजाडला. माणसं दहाच्या सुमारास यायची होती. मी खिडकीशी बसून मटार सोलत होते. तुम्ही मासे काढून घ्यायला घंगाळ भरून ठेवलं होतं आणि बारीक जाळीनं पिल्लं टिपत होतात. खालून कुसुमच्या न्हाणीतला पाण्याचा आवाज येत होता.

मोठा आवाज झाला नाही. लोक आता सांगतात, धडाड् झालं. ते नंतर. आधी नुसतं पावसाळ्यात फुगलेलं दार कुणीतरी सावकाश उघडावं तसं काहीतरी लांबत गेलं. फडताळातली भांडी वाजायला लागली, आणि मी तर बसलेली होते. पेटीतलं सगळं पाणी एका बाजूला झुकलं. मासे त्याच्याबरोबर झुकले. भिंत आणि जमीन यांच्यात एक काळी फट पडली होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत रुंद होत होती.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती नजर मी कुणालाच सांगितलेली नाही.

"शरूला घेऊन जिन्यात जा," एवढंच म्हणालात. आणि मी "पाळणा" म्हणायच्या आत तुम्ही माझ्या पुढून जिना उतरत होतात. हातातली जाळी तशीच होती.

मी शरूला काखोटीला मारलं. जिन्याच्या वळणावरून कुसुमच्या खोलीचं दार दिसायचं. तुम्ही पाळण्यात वाकलात. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं होतं, ते तुम्ही दुपट्यासकट उचललंत. कुसुम ओल्या केसांनी न्हाणीच्या दारात आली आणि किंचाळली. "घे! मागं हो!" तुम्ही ओरडलात. तुमचा तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तिनं बाळ घेतलं आणि ती मागं झाली. तुमचं एक पाऊल राहिलं होतं. एकच.

मग धडाड् झालं.

पाणी जिन्यापर्यंत आलं. धुळीत काही दिसत नव्हतं. दिसायला लागलं तेव्हा पहिली दिसली ती घडवंची. कुसुमच्या खोलीत, मोडक्या फळ्यांच्या ढिगावर, चारी पायांवर उभी. वर काचेचा एक तुकडा नाही. नुसती उभी, जशी तिथंच मांडायला आणली होती.

तुम्ही तुळईखाली होतात.

इस्पितळात तुम्ही तीन दिवस काढलेत. पाठीचं काही उरलं नव्हतं, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. शुद्ध मात्र लख्ख. पहिल्यांदा विचारलंत, "मुलगी?" मी म्हटलं, "ओरखडा नाही. दूध पिऊन झोपलीय." तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. तर तसेच मिटल्या डोळ्यांनी विचारलंत, "स्टँड कसा आहे?"

अहो, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला! वाटलं, उठून जावं. पण खरं तेच सांगितलं. "तसाच आहे. एक सांधासुद्धा निखळला नाही."

तुम्ही हसायला गेलात आणि कळ आली. मग म्हणालात, "मी पाय मोजत राहिलो ग. जमीन मोजलीच नाही. तू सांगत होतीस."

"तू सांगत होतीस." एवढं ऐकायला मला कसली किंमत मोजावी लागली! तुम्ही ते चार दिवस आधी म्हणाला असतात तर?

पाटलांनी तुमच्या दिवसकार्याला येऊन अंगणात धाय मोकलली. "वैनी, माझ्या जिभंला आग लागो." तुळईचं भिंतीतलं टोक कुजून नुसता भुगा झालं होतं, वरून कुणालाच दिसलं नसतं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कोपरीतली ही तळमजल्याची खोली दिली, आणि मी मॅट्रिक होऊन ट्रेनिंग पुरं करीपर्यंत कधी तोंड वाकडं केलं नाही. घडवंची त्यांना हवी होती, गोठ्यात पिंपं ठेवायला. मी नाही म्हटलं. सुतार बोलावला आणि माझ्यासमोर तिचे सगळे पाय कापून घेतले. करवत चालत नव्हती इतकं ते लाकूड कठीण होतं. संध्याकाळपर्यंत मी तिथंच बसून होते.

कुसुमच्या मुलीचं नाव मंदा. सुरुवातीला मला तिच्याकडे बघवायचं नाही. रडली की वाटायचं, या आवाजासाठी? आता शाळेत जाते. परवा निरोप घ्यायला आली, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. जाताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, डोंबिवलीला मोर असतात?" मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना नुकत्याच लावलेल्या तेलाचा वास येत होता. तुम्ही वाचवलंत ते हे, म्हटलं. हे एवढं हसरं. यावर मी तुमच्याशी भांडू शकत नाही.

आणि आता शरूचं सांगते. ज्याची मला खरी भीती वाटते ते.

तुमची मुलगी आता अकरा वर्षांची आहे, आणि पाठमोरी बसली की तुम्हीच बसलेले दिसता. घड्याळ उघडते, कुलपं उघडते, सायकलची साखळी उतरवून परत चढवते. डोंबिवलीच्या घरामागे मोठा आंबा आहे. जागा बघायला गेलो तेव्हा ती त्याच्याखाली उभी राहिली, मान वर करून, कितीतरी वेळ. तेव्हापासून मचाण चाललंय. उंच फांदीवर, फळ्यांचं, बसून अभ्यास करायला. कागदावर समोरून, बाजूनं, वरून. काल जेवायला तीन हाका मारल्या, ऐकू गेल्या नाहीत. तुमची तीच पेन्सिल नाही, पण धरायची तऱ्हा तीच, जिभेचं टोक बाहेर काढून. मी मागून वाकून बघितलं. फळ्या सगळ्या मोजलेल्या होत्या. सांधे, खिळे, दोर, सगळं. फांदी म्हणून एक नुसती रेघ होती.

मी हातातली पळी खाली ठेवली.

म्हटलं, कागद फाडावा. पेन्सिल चुलीत घालावी. कुणी मला बोल लावला असता का? हात पुढे गेलाही होता. तेवढ्यात तिनं वळून बघितलं आणि म्हणाली, "आई, इथे तुझ्यासाठी पण जागा ठेवलीय. तू वह्या तपासायला ये."

मी कागद फाडला नाही.

तुम्हाला शब्द देते. मी तिला बांधू देईन. खिळे ठोकायला हातोडी मीच आणून देईन. पण त्या फांदीवर पहिलं पाऊल तिचं पडणार नाही. लुगडं खोचून आधी मी चढेन. बुंध्यापासून टोकापर्यंत हातानं चाचपीन, पाय रोवून उभी राहीन, उडी मारून बघीन. मास्तरीणबाई झाडावर चढल्या म्हणून सारी डोंबिवली हसली तरी हसू दे. फांदी करकरली तर मी शरूला एकदा सांगीन, आणि तिनं ऐकलं नाही, तर तिनं समजावलेलं ऐकून घेणार नाही, रविवारची वाट बघणार नाही. कुऱ्हाड आणीन.

तुमची,
सुधा